जुनी किल्ली खरी की नुसती शोभेची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या किल्ल्या गोळा करणारे, घरात पेटीच्या तळाशी एखादी सापडलेले, किंवा ऑनलाइन फोटो बघून घ्यायच्या विचारात असलेले, सगळे साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. आधी शब्द ठरवून घेऊ. हातात धरतो ती मूठ, मधली लांब दांडी, दांडीच्या टोकाशी पताक्यासारखं बाहेर आलेलं असतं ते पातं, त्या पात्यात कापलेल्या खाचा, आणि दांडीवर बांगडीसारखं जाड वळं असतं ते कडं. पुढे हेच शब्द वापरलेत.

हातात किल्ली आली की सगळ्यात आधी काय बघायचं?

पातं. लोक मूठ बघतात कारण नक्षी तिथे असते, आणि शोभेच्या किल्ल्या बनवणारे पण सगळी मेहनत मुठीवरच करतात. पण किल्ली हे हत्यार आहे, ती एका ठराविक कुलपासाठी बनलेली असते, आणि कुलपाशी तिचा संबंध येतो तो पात्याशी. म्हणून मी प्रत्येक किल्लीला मनातल्या मनात एकच प्रश्न विचारतो: तू कुठलं कुलूप उघडत होतीस? खऱ्या किल्लीचं उत्तर तिच्या अंगावर लिहिलेलं असतं. खाचा आरपार असतात, त्यांच्या कडा करवतीने किंवा कानशीने कापल्यासारख्या स्वच्छ असतात, खाचेचा तळ सपाट असतो. शोभेच्या किल्लीत खाचा अर्धवट असतात, कडा मेण वितळल्यासारख्या गोल असतात, कधीकधी तर खाच आरपार जातच नाही, नुसता खड्डा असतो. असा खड्डा असलेली किल्ली कुलपात फिरूच शकत नाही कारण आतली पट्टी जायला वाटच नाहीये.

खाचा कशासाठी असतात ते समजलं नाही, जरा सांगाल?

हे समजलं की अर्धं काम झालं, म्हणून सविस्तर सांगतो. जुन्या साध्या कुलपात आत पत्र्याच्या वर्तुळाकार पट्ट्या उभ्या केलेल्या असायच्या, चुकीची किल्ली फिरवली की ती या पट्ट्यांना अडायची, आणि बरोबर किल्लीच्या पात्यात त्याच जागी खाचा असल्यामुळे ती पट्ट्यांना वाट देत फिरायची आणि खटका सरकवायची. म्हणजे प्रत्येक खाच ही कुलपातल्या एकेका पट्टीची उलटी सावली आहे. अशा खाचा पात्यात बाजूंनी शिरतात, कधी सरळ, कधी वळण घेऊन, कधी अगदी क्रॉसच्या आकाराच्या पण असतात.

नंतर लिव्हरची कुलपं आली. त्यात आत पितळी किंवा लोखंडी पट्ट्या स्प्रिंगवर बसवलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीला उचलली गेली तरच खटका सुटतो, कमी उचलली तरी अडतो आणि जास्त उचलली तरी अडतो. त्यामुळे लिव्हरच्या किल्लीच्या पात्याला बाहेरच्या कडेवर जिन्यासारख्या कमीजास्त उंचीच्या पायऱ्या दिसतात.

आता शोभेची किल्ली घ्या. पात्यात बदाम कापलेला, किंवा फूल, किंवा एखादं अक्षर, आणि ते चारी बाजूंनी बंद, मधोमध. बाहेरून आत शिरायला वाट नसलेलं भोक कुठल्याच पट्टीला वाट देऊ शकत नाही, ते फक्त दिसायला आहे.

मग पात्यात क्रॉस दिसला म्हणजे नकली समजायचं का?

नाही, इथे बरेच जण गडबड करतात. क्रॉसची खाच खऱ्या जुन्या किल्ल्यांत भरपूर सापडते. फरक एवढाच, की खऱ्या किल्लीत त्या क्रॉसचा एक पाय पात्याच्या कडेपर्यंत उघडा असतो.

लोहचुंबक लावून बघितलं, चिकटलं. म्हणजे खरी ना?

चिकटलं म्हणजे लोखंड किंवा पोलाद आहे, एवढंच कळलं, वय नाही कळलं. आजही बीड (ओतीव लोखंड) ओतून किल्ल्या बनवतात आणि त्यांनाही चुंबक छान चिकटतं. उलट बाजूने मात्र ही टेस्ट कामाची आहे: दिसायला काळी लोखंडी, गंजाचा रंग पण आहे, आणि चुंबक चिकटत नाही, तर ती बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव किल्ली आहे आणि गंज रंगवलेला आहे, कारण जस्ताला तांबडा गंज येतच नाही. पितळेच्या आणि काशाच्या खऱ्या जुन्या किल्ल्या असतात, त्यांना चुंबक चिकटणार नाही, पण त्या लोखंडासारख्या दिसतही नाहीत.

वजनावरून कळतं का?

नुसतं हातात तोलून नाही, पण घनता काढली तर बरंच कळतं आणि ते घरी जमतं. आधी किल्लीचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा, किल्ली दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका, काट्यावर जितके ग्रॅम वाढतील तितके मिलिलिटर तिचं आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. समजा किल्ली ८६ ग्रॅमची आहे आणि काटा ११ ने वाढला, तर ७.८ आलं, हे घडीव लोखंडाच्या किंवा पोलादाच्या जवळचं आहे. तेवढ्याच आकाराची ७३ ग्रॅम भरली तर ६.६ येईल, ते जस्ताच्या मिश्रधातूचं. बीड साधारण ७.२ च्या आसपास, पितळ ८.४ ते ८.७. किल्ली छोटी असेल तर ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा पाहिजे, आणि दांडी पोकळ असेल तर आत हवेचा बुडबुडा अडकत नाहीये ना ते बघा, नाहीतर आकडा चुकतो. टेस्ट झाली की लगेच पुसून नीट वाळवा, लोखंडात ओल राहू देऊ नका.

सगळ्या बाजूने एक बारीक रेघ दिसते, ती काय?

ती साच्याची रेघ. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे धातू थोडा बाहेर येतो, मुठीच्या आतल्या कडेला आणि दांडीच्या दोन्ही बाजूंना ही रेघ पटकन सापडते, भिंग घेतलं तर अजूनच.

पण रेघ दिसली की किल्ली फेकून देऊ नका. ओतीव लोखंड तापवून चिवट करायची पद्धत फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७२२ मध्येच लिहून ठेवली होती, अमेरिकेत सेथ बॉयडेनने १८२६ च्या सुमारास त्याची वेगळी पद्धत बसवली, आणि १९ व्या शतकात अशा ओतीव किल्ल्या ढिगांनी बनल्या. त्या आज पूर्णपणे खऱ्या जुन्या किल्ल्या आहेत. म्हणून रेघ आहे का हा प्रश्नच अपुरा आहे, खरा प्रश्न असा की ओतल्यानंतर कोणी हाताने काम केलंय का. कामाच्या किल्लीत पात्यावरची रेघ कानशीने घासून काढलेली असते आणि खाचा नंतर कापलेल्या असतात, कारण त्याशिवाय ती कुलपात बसणारच नाही. शोभेच्या किल्लीत रेघ पात्यावरून पण तशीच पुढे जाते.

कानशीच्या खुणा बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा, जुन्या किल्लीचा साचा घेऊन नक्कल केली असेल तर मूळच्या खुणा पण साच्यात उतरतात, पण त्या बोथट दिसतात, खऱ्या खुणेची कड तीक्ष्ण असते किंवा वापराने एकाच बाजूने झिजलेली असते.

घडीव किल्ली कशी ओळखायची?

घडीव लोखंडात मळीचे (लोखंड बनवताना आत राहिलेल्या कचऱ्याचे) बारीक धागे असतात आणि ते घडवताना लांबीच्या दिशेने ताणले जातात, त्यामुळे अशी किल्ली खूप गंजली की दांडीवर लाकडाच्या रेषांसारख्या लांब रेषा उघड्या पडतात. हे मला फार आवडतं, लोखंड आणि दिसतं जुन्या दाराच्या फळीसारखं. ओतीव धातूत असं होत नाही, तिथे पृष्ठभाग वाळूसारखा किंवा संत्र्याच्या सालीसारखा असतो आणि बारीक गोल भोकं दिसतात, ती ओतताना अडकलेल्या हवेची. गंजाचे खड्डे कधी इतके गोल नसतात, ते वेडेवाकडे असतात.

दुसरी खूण म्हणजे जोड. पुष्कळ जुन्या किल्ल्यांत पातं किंवा मूठ वेगळी बनवून पितळेने झाळलेली असते, तिथे जोडावर बारीक पिवळी रेघ दिसते, ती चांगली खूण आहे. आजच्या वेल्डिंगचा जाड मणी दिसला तर किल्ली नवी आहे किंवा नंतर दुरुस्त केलेली आहे.

दांडी पोकळ का असते काहींची?

ज्या कुलपाच्या आत मधोमध खिळा उभा असतो त्यात पोकळ दांडीची किल्ली त्या खिळ्यावर बसते आणि त्याच्याभोवती फिरते. कपाट, पेटी, ड्रॉवर अशा एकाच बाजूने उघडणाऱ्या वस्तूंना असं कुलूप असायचं. दाराला दोन्ही बाजूंनी किल्ली लावायची असेल तर खिळा आडवा येतो, म्हणून तिथे भरीव दांडी, आणि पात्यातल्या खाचा बहुतेक वेळा मधोमध आरसा धरल्यासारख्या दोन्हीकडे सारख्या, कारण आतून लावली काय आणि बाहेरून लावली काय, तीच किल्ली तेच कुलूप उघडायला हवी.

शोभेच्या किल्लीचं टोक बघा. भोक असतं पण दोनचार मिलिमीटर खोल, किंवा आत जाता जाता निमुळतं होत जाणारं. खरं भोक सरळ आणि गोल असतं, पात्याच्या लांबीच्याही पुढे जातं, आणि खूप वापरलेल्या किल्लीत भोकाचं तोंड झिजून लंबगोल झालेलं, कड पातळ झालेली दिसते.

झीज खरी आहे हे कसं कळणार? घासून पण झीज आणता येते.

येते, पण बरोबर जागी आणणं अवघड असतं. खरी झीज हाताच्या आणि कुलपाच्या हिशोबाने येते. जुडग्यात लटकत राहिल्याने मुठीच्या आत वरच्या बाजूला घळ पडते, अंगठा आणि बोट जिथे दाबतात तिथे नक्षी पुसट होते, भरीव दांडीचं टोक गोलसर होतं, पात्याचा खटक्याला लागणारा कोपरा झिजतो. आणि त्याच किल्लीवर कोपऱ्याकोपऱ्यात, कड्याच्या खाली, खाचांच्या आत, जिथे काहीच लागत नाही तिथे कडा अजून शाबूत असतात. म्हणजे झीज असमान पाहिजे. ड्रममध्ये फिरवून म्हातारी केलेली किल्ली सगळीकडून सारखीच गुळगुळीत असते, जिथे बोट पोचत नाही तिथेसुद्धा, आणि मग लगेच शंका घ्यायची.

गंजाचं काय?

आम्ल किंवा मीठ लावून मुद्दाम आणलेला गंज नारिंगी, भुसभुशीत आणि सगळीकडे एकसारखा असतो, पांढऱ्या फडक्याने घासला की फडकं नारिंगी होतं. घरात शंभर वर्षं पडून राहिलेल्या किल्लीचा रंग गडद तपकिरी ते काळा, घट्ट बसलेला, जिथे हात लागतो तिथे चकचकीत. नवा काळा रंग किंवा लॅकर असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं ॲसिटोन घेऊन एका कोपऱ्यात टेकवून बघता येतं, पण खऱ्या किल्लीवरही कोणीतरी कधीतरी रंग मारलेला असू शकतो, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका, रंगाखाली काय आहे ते बघा.

किल्लीवर नंबर किंवा कंपनीचं नाव आहे, म्हणजे खरी?

ठोकलेला नंबर आणि ओतलेला नंबर यातला फरक बघा. पंच ठोकला की धातू बाजूला सरकतो, अक्षराच्या कडेला किंचित उंचवटा येतो, आकडे थोडे वरखाली असतात. साच्यातून आलेलं अक्षर मऊ, तळ गोल.

याहून अवघड केस म्हणजे जुन्या साध्या किल्लीवर नवीन ठोकलेलं नाव. रेल्वे, तुरुंग, जहाज, हॉटेल, या नावांना मागणी असते म्हणून असं करतात, आणि किल्ली खरोखर जुनी असल्यामुळे बाकी सगळ्या टेस्ट पास होतात. इथे अक्षराच्या आत भिंगाने बघा. किल्ली सगळीकडून काळपट आणि अक्षराचा तळ उजळ असेल, किंवा झिजलेल्या भागावर अक्षर मात्र कोरं करकरीत असेल, तर नाव नंतरचं आहे. झीज अक्षराच्या वरून गेलेली पाहिजे.

आणि मोठ्या नावाला कागद लागतो. टायटॅनिकशी संबंधित एक किल्ली २००७ मध्ये लिलावात गेली, डेव्हिड ब्लेअर हा अधिकारी जहाज निघायच्या आधी बदलून उतरला आणि किल्ली त्याच्याकडेच राहिली. किल्ली दिसायला अगदी साधी आहे, तिचं मोल आहे ते ती कोणाकडून कोणाकडे आली हे माहीत असण्यात. असा माग नसेल तर नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका.

किल्ली साधारण किती जुनी हे कसं ठरवायचं?

मुठीच्या आकारावरून वर्ष सांगणाऱ्यांपासून जपून, साधी लंबगोल मूठ फार मोठ्या काळात चालत आली आहे. कुलपाच्या प्रकारावरून निदान "याच्या आधीची नाही" एवढं ठामपणे म्हणता येतं. रॉबर्ट बॅरनचं लिव्हरच्या कुलपाचं पेटंट १७७८ चं, जोसेफ ब्रामाचं १७८४ चं, त्याची किल्ली म्हणजे छोटी नळी आणि टोकाला उभ्या खाचा. जेरेमाया चबचं कुलूप १८१८ चं, चुकीची किल्ली लावली की ते अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं की कोणीतरी हात लावलाय. लायनस येल ज्युनियरची चपट्या किल्लीची पेटंटं १८६० च्या दशकातली. म्हणजे कोणी पायऱ्यांचं पातं असलेली लिव्हरची किल्ली "मध्ययुगीन" म्हणून दाखवली तर तिथेच थांबा.

शंभर वर्षांहून जुनी ती अँटिक असं साधारण धरतात. बाजारात अँटिक म्हणून येणाऱ्या बऱ्याच खऱ्या किल्ल्या २० व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या असतात, त्या नकली नाहीत, फक्त त्यातल्या बऱ्याच तेवढ्या जुन्या नाहीत.

स्केलेटन की म्हणजे जुनी किल्ली ना?

सगळेच तसं म्हणतात, पण नाही. ज्या किल्लीचं पातं जवळजवळ सगळं कापून फक्त टोकाचा भाग ठेवलाय, जेणेकरून ती आतल्या पट्ट्या चुकवून बरीच कुलपं उघडेल, ती स्केलेटन की.

रोमन किल्ली म्हणून एक मिळतेय, हिरवी आहे, अंगठीसारखी.

अंगठीची किल्ली हा प्रकार खरा आहे, रोमन लोक छोट्या पेट्यांच्या किल्ल्या बोटात घालायचे. पण नकलाही खूप आहेत. काशावरचा जुना हिरवा थर धातूशी एकजीव असतो. रंगवलेला हिरवा नखाने किंवा टोकाने उडतो आणि खाली ताजा पिवळा धातू चमकतो. खऱ्या वस्तूचा साचा घेऊन ओतलेली नक्कल मूळपेक्षा किंचित लहान भरते, कारण कासं थंड होताना आकसतं. एकाच विक्रेत्याकडे तोच पोचा त्याच जागी असलेल्या दोन किल्ल्या दिसल्या तर दोन्ही एकाच साच्यातल्या. आणि फिकट हिरवी पूड सुटत असेल तर ती क्षारांमुळे काशाला लागलेली कीड आहे, वस्तू लगेच कोरड्या जागी वेगळी ठेवा.

फोटोवरून घ्यायची असेल तर कुठले फोटो मागायचे?

मुठीचा फोटो त्यांनी दिलेलाच असतो. तुम्ही मागा: पातं दोन्ही बाजूंनी, पात्याची कड समोरून, दांडीचं टोक, मुठीच्या आतली वरची कड, आणि काट्यावर ठेवलेली किल्ली, शेजारी पट्टी. मागची बाजू पूर्ण सपाट असेल तर तिथेच उत्तर मिळालं, ते लॉकेट आहे. विक्रेता पात्याचा जवळून फोटो द्यायला टाळत असेल तर मी घेत नाही.

कुलूप जुनं आहे आणि किल्ली पण आहे, दोन्ही एकमेकांचीच का?

किल्ली कुलूप उघडते एवढ्याने सिद्ध होत नाही, किल्ल्या हरवतात आणि नवीन करून घेतल्या जातात, ते पूर्वीही होत होतं. दोघांवरची झीज जुळते का बघा: किल्लीच्या कड्याच्या खुणेला कुलपाच्या तोंडाशी तशीच खूण हवी. जोर लावून फिरवू नका. जुन्या किल्लीचं पातं झाळलेल्या जोडावर तुटतं आणि मग फार वाईट वाटतं.

नकली किल्ली म्हणजे वाईटच का?

अजिबात नाही. पॅरिसच्या बास्तीय तुरुंगाची किल्ली फ्रेंच सेनानी लाफायेतने १७९० मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनला पाठवली, ती अजून माउंट व्हर्ननला वॉशिंग्टनच्या घरात आहे, आणि तिच्या प्रतिकृती उघडपणे प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात. तसंच जुन्या कपाटाला नवीन किल्ली कापून घेणं हे चांगलं काम आहे, कपाट वापरात राहतं. मला राग येतो तो खोटं बोलण्याचा, नवीन किल्लीला मिठाच्या पाण्यात बुडवून तिच्याबद्दल गोष्ट रचून एखाद्या हौशी माणसाला देण्याचा, कारण तो माणूस फसला की बरेचदा छंदच सोडून देतो.

खरी निघाली, आता स्वच्छ कशी करू?

शक्य तितकी कमी. कोरडा मऊ ब्रश, सुती फडकं, लोखंडाला वरून पातळ मेणाचा हात. व्हिनेगर, लिंबू, तारेचा ब्रश, पॉलिश, काही नको, यातल्या कशानेही तो काळा घट्ट थर निघून गेला की परत येत नाही आणि कानशीच्या खुणा पण जातात, म्हणजे जो पुरावा वाचत आपण इथपर्यंत आलो तोच पुसला जातो. ताजा नारिंगी गंज असेल तर थोडं तेल लावून काही दिवस ठेवा आणि लाकडी काडीने हळूहळू काढा.

नजर तयार करायला खऱ्या किल्ल्या कुठे बघायला मिळतील?

फ्रान्समध्ये रुआँला ल सेक दे तुर्नेल हे फक्त लोखंडी कामाचं संग्रहालय आहे, जुन्या चर्चमध्ये, १९२१ पासून. ऑस्ट्रियात ग्राझला हान्स शेल कलेक्शन आहे, तिथे कुलपं आणि किल्ल्या प्रचंड संख्येने आहेत. जायला जमलं नाही तर संग्रहालयांनी ऑनलाइन ठेवलेले फोटो बघा, मोठे करून, मूठ झाकून फक्त पातं बघत जा, पन्नास एक किल्ल्या अशा बघितल्या की शोभेची किल्ली पहिल्या नजरेतच खटकायला लागते.